तीन अर्धी दुपटी

बाईमास्तरांना त्यांचं खरं नाव कुणी विचारलंच नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या शिलाईखोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि त्यातली वीस वर्षं त्या तिथल्या मुख्य होत्या. शिवणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, मग या बाईमास्तर. खोली तळमजल्यावर, धुलाईच्या शेजारी. खिडकी इतकी उंचावर की बाहेरच्या जगाचे फक्त पाय दिसायचे. चादरी, पडदे, डॉक्टरांचे झगे, सगळं फाटलं की खाली यायचं आणि शिवून वर जायचं. एकदा एक बडा सर्जन फाटका खिसा घेऊन आला आणि घाई करू लागला. बाईमास्तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "माणसं शिवता आणि खिसा शिवता येत नाही होय?" सर्जन निमूट स्टुलावर बसून राहिला.

त्या खोलीचा एक नियम होता. तिथल्या कुणा बाईला दिवस गेले, की तिच्या बाळासाठी मऊ झालेली जुनी चादर बाजूला काढायची, वाटल्यास कापूनही ठेवायची. पण बाळाचं रडणं ऐकल्याची बातमी आल्याशिवाय एक टाका घालायचा नाही. बातमी आली की खोलीतल्या बाकीच्या जणी तुटून पडायच्या, आणि आई घरी जायच्या आत बाळाला गुंडाळायचं दुपटं तयार. हा नियम कुणी घातला, कुणाला ठाऊक नव्हतं. वरचे डॉक्टर हसायचे. हसेनात का! वरती रात्रंदिवस काय काय घडतं, ते धुवायला येणाऱ्या चादरी खालच्या बायकांना सांगायच्या.

आणि हा नियम मोडला तो खुद्द बाईमास्तरांनी.

त्यांचा एकुलता एक मुलगा लिफ्टा दुरुस्त करायचा, सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. लग्नानंतर दोन वर्षांनी सुनेनं एका सकाळी हळूच बातमी सांगितली. बाईमास्तर "बरं झालं" एवढंच म्हणाल्या, दुधाची पिशवी फोडली आणि अर्धं दूध ओट्यावर सांडलं. त्याच संध्याकाळी दार लावून त्यांनी कापड पसरलं आणि कडेपासून पहिला फेरा घातला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्यांनी त्या बाईला खोलीबाहेर काढलं असतं.

दुपटं हातानं शिवायचं तर कडेनं सुरुवात करून फेऱ्यावर फेरा घालत मधोमध यायचं. बाईमास्तर दर सोमवारी एक फेरा घालायच्या, मन लावून, तांदळाएवढे बारीक टाके. पाच फेरे झाले आणि सुनेला इस्पितळात न्यावं लागलं. बाळ गेलं. बाईमास्तरांनी सुई होती तशीच कापडात टोचली, दुपटं एका उशीच्या अभ्र्यात कोंबलं आणि कपाटाच्या तळाशी ठेवलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःला बजावलं, की हात लावायचा नाही. तीन आठवडे कळ काढली. पण हाताला इतक्या वर्षांची खोड, तो काय ऐकतो? नऊ फेरे झाले, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्यांनी मनाशी हुज्जतच घातली. म्हटलं, दोनदा शिवलं म्हणून गेलं असं थोडंच आहे, हा सगळा वेडेपणा. मुद्दामच शिवायला बसल्या. सोळा फेरे झाले. मधे तळहाताएवढी जागा उरली होती. सुनेचं पोट चांगलं दिसायला लागलं होतं. एकदा तिनं आपणहून सासूचा हात धरून पोटावर ठेवला होता, आणि आतून लाथ बसली होती. पुढच्या आठवड्यात तेही गेलं.

तेव्हापासून बाईमास्तरांच्या मनानं पक्कं धरलं, की हे आपण केलं. एरवी त्या कशाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. मांजर आडवं गेलं तर त्या मांजरालाच दटावायच्या. पण ही गोष्ट काट्यासारखी आत रुतली ती रुतलीच. दर वेळी सून इस्पितळातून घरी आली, की त्यांना तिच्यासमोर बसवत नसे. त्या घरच्या शिलाई मशीनवर जाऊन बसत आणि हाताला येईल त्या चिंधीवर शिवण मारत राहत. पलीकडच्या खोलीत सून भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि इकडे मशीनची खडखड. सुनेनं त्याचा अर्थ काढायचा तोच काढला. तिन्ही वेळा सासूनं तिला जवळ घेतलं नाही, ही गोष्ट ती विसरली नाही. भांडण कधी झालं नाही; झालं असतं तर बरं, भांडणात निदान माणसं बोलतात. या दोघी दूध आलं का, कुकर लावू का, एवढंच बोलायच्या. अशी सात वर्षं गेली. सून एकेचाळीस वर्षांची झाली. डॉक्टरांनी आता नको म्हणून सांगितलं. बाईमास्तरांनाही निवृत्त होऊन पाच वर्षं झाली.

मग एक दिवस इस्पितळातून फोन आला. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर होत्या. "बाईमास्तर, दिवस भरायच्या आधी आलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतो ना, त्यांना उजेड सोसत नाही. पेटीवर घालायला जाड दुपटी हवीत. दानात देईल का कुणी?"

"कुणी कशाला, मी मेले का?" बाईमास्तर म्हणाल्या. "दहा देते."

सात दुपटी त्यांनी मशीनवर आठ दिवसांत उडवली. आणि मग कपाटाचा तळ आठवला. खरं तर तो त्या विसरल्याच नव्हत्या. मागच्या थंडीत छातीत एक कळ आली होती. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. पण कळ आली त्या क्षणी बाईमास्तरांना मुलगा आठवला नाही, देव आठवला नाही, तो उशीचा अभ्रा आठवला. आपण गेलो की कपाट उपसणार कोण? सून. तिच्या हाती ती तीन अर्धी दुपटी लागतील, सुया अजून टोचलेल्या, आणि तिला कळेल की म्हातारी दार लावून काय करत होती. ते व्हायला नको होतं. पुरी करायची, सातांत मिसळायची, देऊन टाकायची, म्हणजे ती कुठल्या तरी पेटीवर जातील आणि कुणालाच काही कळणार नाही. फेकून देता आली असती. पण ते हातून होईना.

सून दुकानात गेली की दुपारी त्या बसत. समोरच्या इमारतीतली बाई फार चौकस, तिनं बघून सुनेजवळ काही बोलू नये म्हणून पडदा ओढून, दिवा लावून बसत. सुया गंजल्या होत्या, कापडावर तांबूस डाग पडले होते. ते त्यांनी चोळून काढले. जुना फेरा जिथे सुटला होता तिथे नवा दोरा जोडला. पाच फेऱ्यांच्या दुपट्याला सगळ्यात जास्त दिवस लागले. सोळावाल्याचं काम एका दुपारचं होतं, पण त्यालाच त्या शेवटी बसल्या. शेवटची गाठ त्यांनी दोनदा मारली.

त्या दिवशी दुकानात वीज नव्हती. सून दोन वाजताच घरी आली. पलंगावर दहा दुपटी रचलेली.

"वॉर्डात द्यायची आहेत," बाईमास्तर घाईघाईनं म्हणाल्या. "सिस्टरांनी मागितलीत. झालीत सगळी."

"धागे राहिलेत बरेच, आई. झटकून घड्या घालते," सून म्हणाली, आणि त्यांनी नको म्हणायच्या आत चार-पाच उचलून खिडकीपाशी गेली. पडदा बाजूला सारला.

बाईमास्तरांनी आयुष्यभर नव्या पोरींना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, की दोरा दिव्याखाली जुळवायचा नाही, दिवसाच्या उजेडात जुळवायचा. दिव्याखाली सगळे पांढरे सारखेच. आणि नेमक्या त्याच चुकल्या. उन्हात धरताच दुपट्याचे दोन रंग दिसले. कडेचे फेरे पिवळट, आतले पांढरेशुभ्र. सुनेची नजर काचेवरचा केसाएवढा चरा पकडणारी, तिच्यापासून हे कसं लपणार?

"हा दोरा जुना आहे," ती म्हणाली. तिनं नखानं पिवळे फेरे मोजले. पाच. दुसरं उचललं, नऊ मोजले. तिसरं तिनं मोजलं नाही. मधल्या पांढऱ्या जागेवर तळहात ठेवून ती उभी राहिली. जागा बरोब्बर तळहाताएवढी होती.

बाईमास्तर पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मीच गं," त्या म्हणाल्या. "रडणं ऐकायच्या आधी टाका घालायचा नसतो. मला ठाऊक होतं. दुसऱ्यांना शिकवत होते मी. तरी घातला. तीनदा घातला. तुझी तिन्ही बाळं माझ्या सुईनं गेली."

बाईमास्तरांना वाटलं, आता ती ओरडेल, दुपटी अंगावर फेकेल. हक्क होता तिचा. पण तिनं तिन्ही दुपटी मांडीवर घेतली आणि खाली फरशीवर बसली.

"तिन्ही नाही, आई," ती म्हणाली. "चार."

"चार कुठली?"

"दुसऱ्यानंतर एक होतं. सात आठवड्यांचं. म्हटलं, या वेळी कुणाला सांगायचंच नाही. ह्यांनासुद्धा नाही. दुकानाच्या बाथरूममध्ये गेलं ते. मी तोंड धुतलं आणि परत काउंटरवर उभी राहिले. घरी आले तर तुम्ही म्हणालात, दही आणायचं विसरलीस ना?"

बाईमास्तरांना ते दही आठवलं. चांगलं आठवलं. त्यावर त्या आणखी दोन वाक्यं बोलल्या होत्या.

"त्याला तुम्ही काही शिवलं नव्हतं," सून म्हणाली. "तुम्हाला माहीतच नव्हतं ते. तरी गेलं."

खरं सांगायचं तर बाईमास्तरांना सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं. एक नातवंड गेल्याचं ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी पदराऐवजी हाताला आलेल्या चिंधीतच तोंड खुपसलं. मग रडू आलं. अकरा वर्षांचं एकदम आलं. सून उठून त्यांच्याजवळ आली नाही, आणि त्याही खाली बसल्या नाहीत. दोघी आपापल्या जागी रडल्या.

डोळे पुसून सून म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला काहीच वाटत नाही. मशीन ऐकू यायची ना."

"तुझ्याकडे बघवत नव्हतं गं मला."

"मग हे तरी सांगायचं."

बाईमास्तर हातातल्या चिंधीची घडी घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेनं सुट्टी घेतली. दोन पिशव्यांत दहा दुपटी भरून दोघी इस्पितळात गेल्या. ही तीन ठेवून घ्यायची का, असं बाईमास्तरांनी जिन्यात विचारलं होतं. "नको," सून म्हणाली. "घरात ठेवून कुणाला घालणार?"

मोठ्या सिस्टरांनी दोघींना हात धुवायला लावले, झगे घालायला दिले आणि आत नेलं. वॉर्डात आवाज कमी, उबारा जास्त. सिस्टरांनी सगळ्यात वरचं दुपटं घेतलं, ते सोळा फेऱ्यांचं होतं, आणि खिडकीजवळच्या पेटीवर घातलं. घालताना एक बाजू उचलून धरली. "बघा हवं तर. काल आलंय. सहाव्या महिन्यातलं."

सून पुढे झाली आणि काचेजवळ वाकली. आत नळ्यांच्या जंजाळात एक बाळ होतं, वीतभर, लालसर, टोपीत निम्मं बुडालेलं. छाती वरखाली होत होती.

सून खूप वेळ बघत राहिली. मग वळून न बघता हळू आवाजात म्हणाली, "मला दाखवलं नव्हतं. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरलेलं होतं."

बाईमास्तरांना तो दिवस आठवला. सात वर्षांपूर्वी याच मजल्यावरून शिलाईखोलीत निरोप आला होता, की एक लहानसं मऊ कापड पाठवा. कापड घेऊन कुणा पोरीला न पाठवता त्या स्वतः वर गेल्या होत्या. बाळाला त्यांनीच गुंडाळलं होतं. आणि आईला दाखवू का, असं नर्सनं विचारल्यावर, नको, तिला सोसणार नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"मी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "दाखवू नका म्हणून मीच सांगितलं. हेही मीच."

सुनेचे दोन्ही हात काचेवर होते. ते तसेच राहिले. बाईमास्तर वाट बघत उभ्या राहिल्या. आता जे येईल ते घ्यायचं, त्यांनी ठरवलं होतं.

"एवढंच होतं?" सुनेनं विचारलं.

"एवढंच. अंमळ लांब. मुलगी होती. हाताची बोटं पुरी आली होती, नखंसुद्धा." त्यांनी पुढचंही सांगितलं, कारण ते सांगायचं सात वर्षं राहून गेलं होतं. "नाक तुझं होतं."

सुनेनं एक हात उचलून आपल्या नाकाला लावला आणि दुसरा काचेवरच ठेवला.