खरवडलेल्या नावाचे प्रमाणपत्र

१९५६ चा भाद्रपद: परीक्षा. १ नोव्हेंबर १९५६: राज्यबदल. २६ जानेवारी १९५७: खाडाखोड. जबाबदार इसम तीन. शाळा तपासणारे अधिकारी, कारण आज्ञा त्यांची. आमचे मुख्याध्यापक, कारण ब्लेड त्यांच्या हातात होते. आणि मी, कारण ते प्रमाणपत्र मी घेतले. मी दहा वर्षांचा होतो. ही सबब मी पुढे करणार नाही.

आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात मोडत असे आणि भंडारा मध्यप्रदेशात. सालेकसा भागातील आमच्या शाळेत चौथीसाठी राज्याच्या इतिहासाची परीक्षा झाली. पहिल्या येणाऱ्यास सरकारी प्रमाणपत्र मिळणार होते आणि त्याच्या आधारावर गोंदियाच्या वसतिगृहात जागा. गावात चौथीपुढे शाळा नव्हती. तो कागद ज्याला मिळेल त्याचेच शिक्षण पुढे चालणार, हे सर्वांना ठाऊक होते.

पहिली आली ती टाटपट्टीवर माझ्या शेजारी बसणारी गोंड मुलगी. वर्गात पुस्तक एकच, तेही मुख्याध्यापकांच्या टेबलावर. म्हणून तिने ऐकलेली गढा-मंडला, देवगड आणि चांद्याच्या गोंड राजांची नावे रोवणीच्या गाण्याच्या चालीवर बसवली. आई बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवीत असताना ही कडेच्या धुऱ्यावरून एक ओळ म्हणे, आणि चिखलात वाकलेल्या बायका ती उचलत. रोवणी आटोपेपर्यंत बायकांना राजवंश तोंडपाठ झाले होते. एक म्हातारी तिला डिवची, "येवढे राजे होऊन गेले, तुह्या बाबासाठी एक बैल काऊन नाई ठेवला कोनी?"

"तू गाऊन राह्य ना बुढे, बैल मी मागीन!"

१ नोव्हेंबरला आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. शाळेत फळ्यावरचे राज्याचे नाव पुसून दुसरे लिहिले गेले, याहून अधिक काही घडल्याचे मला आठवत नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर अधिकाऱ्यांनी पाकीट उघडले. प्रमाणपत्र राज्यबदलापूर्वीच लिहिलेले होते, सही-शिक्क्यासह. ते त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाले, "हा तर दुसऱ्या राज्याचा इतिहास. याचं प्रमाणपत्र मी इथे कसं देऊ?"

चांदा तर आमच्यासोबतच नव्या राज्यात आला होता, एवढे तरी त्या गृहस्थांना माहीत असायला हवे होते.

मुलीची आई गर्दीतून बोलली, "साहेबजी, तुमीच शिकवलं तेच शिकली थे. राज्य का तिनं बदलवलं?"

लोक हसले. अधिकाऱ्यांना ते झोंबले. "बाई, खाली बसा. तुम्हाला कायदा कळत नाही."

कायदा! पुढे सारा जन्म मी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवला. सीमा हलली म्हणून आधी रीतसर झालेले कृत्य रद्द होत नाही. ३१ ऑक्टोबरची खरेदीखते कायम राहिली, तुरुंगातले कैदी तुरुंगातच राहिले. रद्द झाला तो एका मुलीचा पहिला क्रमांक.

अधिकाऱ्यांनी नव्या राज्याचा इतिहास म्हणून वर्गाला उभ्या उभ्या गडकिल्ल्यांवर तीन प्रश्न विचारले. माझ्या घरी मामांनी आणलेले किल्ल्यांच्या चित्रांचे कॅलेंडर होते. दोन उत्तरे मला आली, बाकी कोणाला एकही नाही. मुख्याध्यापकांनी दाढीचे ब्लेड मागवले, सर्वांदेखत तिचे नाव खरवडले आणि तेथे माझे लिहिले. माथ्यावर जुनेच राज्य, जुनीच तारीख, जुनाच शिक्का. ज्या इतिहासाला मान्यता नाही म्हणून ती बाद झाली, त्याच इतिहासात मी पहिला आल्याचे त्या कागदावर लिहिलेले आहे, आणि त्यात मी एक ओळही नीट लिहिली नव्हती!

माझा हात पुढे होईना. तीच मला हळूच म्हणाली, "घे ना गा. कायले थांबून राह्यला? तूनं थोडीच खरवडलं?"

मी घेतले. जूनमध्ये मी वसतिगृहात गेलो. ती त्या उन्हाळ्यात आईसोबत तेंदूपाने तोडायला रानात गेली आणि तिचे शिक्षण तिथेच संपले.

शिक्षण खात्याला मी पत्रामागून पत्र लिहिले. उत्तर आले ते एका ओळीचे: अभिलेख उपलब्ध नाही. अभिलेख माझ्या पेटीत आहे. उजेडासमोर धरला की माझ्या नावाखालून तिच्या नावाची वेलांटी दिसते.

ती आज हयात आहे, त्याच गावी आहे. म्हणून माझी मागणी अशी की, खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्याने त्या शाळेच्या पटांगणात, गावासमक्ष आणि तिच्यासमक्ष उभे राहून उत्तर द्यावे: १९५६ साली राज्याच्या इतिहासात पहिले कोण आले होते? लेखी खेद मी स्वीकारणार नाही. दिवस खात्याने ठरवावा. तो तिच्या हयातीतला असावा.