पुस्तकं फाडणाऱ्या बाई

सानप बाई गेल्या, हे मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. बाईंचा फोटो, खाली जोडलेले दोन हात आणि मजकूर : 'उपक्रमशील, विद्यार्थिप्रिय शिक्षिका'. पाठवणारे आमचे जुने मुख्याध्यापक. मी दवाखान्यात ड्युटीवर होते, हातात औषधांचा ट्रे होता. रडू यायच्या आधी असा संताप आला की ट्रे खाली ठेवून मी मोठ्यानंच म्हणाले, "ह्यांना लाज कशी वाटत नाही!" उपक्रमशील म्हणे! ह्याच माणसानं बाईंना 'शासकीय पुस्तकांची नासधूस' केली म्हणून नोटीस दिली होती, आणि आम्ही सातवीत असताना ती परिपाठाच्या वेळी सगळ्या पोरांसमोर वाचून दाखवली होती. बाई खाली मान घालून उभ्या होत्या. ते मी विसरलेले नाही.

नासधूस काय होती, तेही सांगते. आमचं गाव शिरूर कासारकडचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यावर जायचं, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचं. आईबापाबरोबर आम्ही पोरंही जायचो. दप्तर सोबत असायचं, पण उसाच्या फडात अख्खं पुस्तक उघडून बसणार कोण? जाडजूड पुस्तक बघूनच धीर सुटायचा. म्हणून दिवाळीआधीच्या रविवारी बाई आम्हाला घरी बोलवायच्या, ओसरीवर पुस्तकांचा ढीग मांडायच्या आणि एकेक पुस्तक सरळ उसवायच्या. धडा न् धडा वेगळा काढून पोतं शिवायच्या दाभणानं, सुतळीनं पुन्हा शिवायच्या. सोबत दोन कापडी पिशव्या. एकीवर लिहिलेलं 'राहिलेलं', दुसरीवर 'झालेलं'. एका वेळी एकच धडा बाहेर काढायचा, तो झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा 'झालेलं'च्या पिशवीतला कुठलाही धडा डोळे झाकून उचलायचा आणि न उघडता सांगायचा. अडलं, तर तो परत राहिलेल्यात. वेळापत्रकात घड्याळ नव्हतंच. "पाणी आणाया जाताना पाढे, बैलांसाठी उसाचं वाढं गोळा करताना कविता, आन् दुपारच्या भाकरीआधी धडा कुणाला तरी शिकवायचा," बाई सांगायच्या. मी विचारलं, "बाई, ऐकाया कुणी नसलं तर?" "बैल हाय की! लई गुणाचा विद्यार्थी. मधी बोलत न्हाई." आम्ही हसलो, पण मी खरंच आमच्या सर्जाला दोन वर्षं भूगोल शिकवला.

मी दहावीत होते त्या वर्षी दुष्काळ पडला. ऊस वाळला, कारखाना लवकर बंद झाला आणि आम्ही परीक्षेच्या दीड महिना आधीच माघारी आलो. गावाबाहेर विकास सोसायटीनं जनावरांची चारा छावणी उघडली होती. बैलांपाशी कुणीतरी बसायला हवं, म्हणून आम्ही पोरी तिथं. एके दुपारी सर्जानं माझी पिशवी ओढली आणि इतिहासाचा एक धडा सुतळीसकट खाल्ला. मी बोंबलत बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "त्येचा तरी झाला धडा. तू सांग, काय होतं त्यात?" मी हुंदके देत सांगायला लागले, आणि सगळा सांगितला. शेवटापर्यंत. बाईंनी माझं नाक पुसलं नि म्हणाल्या, "मंग रडती कावून? टाक झालेल्यात!"

छावणीशेजारीच सोसायटीचा नवा हॉल होता. पंखे, फरशी, सगळं. बाई चेअरमनकडं गेल्या. "पोरी उन्हात बसत्यात. दुपारचा तेवढा हॉल उघडा." चेअरमन म्हणाले, "उघडू की बाई. ठराव घेतो." बाईंनी किती अर्ज दिले असतील कुणास ठाऊक! आत सत्काराच्या खुर्च्या सावलीत होत्या, आणि आम्ही बाहेर भिंतीला पाठ लावून, सावली सरकेल तशा सरकत. परीक्षा झाली, पाऊस पडला, छावणी उठली. ठराव काही झाला नाही. मी पास झाले, नर्स झाले, ते त्या भिंतीच्या सावलीवर.

आणि गेल्या आठवड्यात बाईंची शोकसभा त्याच हॉलमध्ये! चेअरमन तेच. "बाईंच्या कार्याला सोसायटीचा कायम पाठिंबा होता," असं ते म्हणाले आणि दारावर 'सानप बाई अभ्यासिका' अशी पाटी लावली. टाळ्या पडल्या. चहा झाला. मग शिपायानं दाराला कुलूप घातलं. मी पुढं होऊन चेअरमनना म्हणाले, "भाऊ, किल्ली द्या. पोरं दिवाळीनंतर निघतील, त्याआधी पुस्तकं शिवायचीत." ते हसून म्हणाले, "देऊ की ताई. ठराव तेवढा घ्यावा लागंल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरं सांगू? सगळा राग त्यांच्यावर काढून मला सुटता येत नाही. महिनाभरापूर्वी बाईंचा फोन आला होता. "डोळ्यानं दिसंना गं आता. दाभण बोटात घुसतोय. रविवारी ये, जरा हात लाव." मी म्हणाले, "बघते बाई, ड्युटी आहे." त्या रविवारी ड्युटी नव्हती. मी घरी झोपले होते... बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

शोकसभेनंतर मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर ढीग तसाच होता, निम्मी पुस्तकं उसवलेली, निम्मी तशीच. पुतण्या रद्दीवाल्याला बोलावणार होता. मी म्हणाले, "हात लावून बघ!" आणि सगळा ढीग रिक्षात घातला.

परवा आम्ही पाच जुन्या विद्यार्थिनी हॉलच्या पायऱ्यांवर बसलो, बंद दारासमोर, बाईंच्या नावाच्या पाटीखाली. पोरंपोरी जमली. सहावीतली एक म्हणाली, "ताई, आमच्याकडं बैल न्हाईत, ट्रॅक्टर हाय. धडा कुणाला शिकवू?" मी म्हणाले, "धाकट्या भावाला शिकव. मधी बोलला तर बोलू दे." तेवढ्यात चेअरमनची गाडी थांबली. "ताई, पायरीवर कावून बसल्या?" मी पुढचं पुस्तक उसवायला घेतलं.

बाईंचा दाभण आता माझ्याकडं आहे. ओसरीवरच्या ढिगात मिळाला तेव्हा त्यात त्यांनी ओवलेली सुतळी तशीच होती, एक धडा अर्धा शिवून सोडलेला. तोच मी आधी पुरा केला. सवय नाही, दाभण बोटात घुसला. रक्त पदराला पुसलं आणि पुढचा धडा घेतला. रविवार होता, बाई. मी आले होते.