कारू सलामचं अरबी नाव

राजुऱ्याहून बस सुटली तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते. एवढंच म्हणाले, "कागदावर नाव नीट लिवजो, बाबू." शाळेत मास्तरांनी त्यांना कचरू लिहिलं होतं. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते नाव टाकलं. जुन्या नावानं कोणी हाक मारली तर ओ देत नसत. अशा माणसाचा मुलगा मी, आखातात जाऊन लोकांची नावं लिहिण्यावर पोट भरलं.

कामगारांच्या पासपोर्टवरचं इंग्रजी नाव अरबीत उतरवायचं, हे माझं काम. अरबीत प नाही, च नाही. पोचम 'बोशम' व्हायचा, चैतू 'शैतू'. चैतू म्हणायचा, "अजून एक अक्षर लावून शैतानच करून टाक ना, भाऊ." कॅम्पात सगळे हसायचे. मीही.

कारू सलाम अहेरीकडचा गोंड. सलाम हे त्यांच्यात आडनाव. तिकडे नुसता सलाम म्हणजे नमस्कार. म्हणून त्याच्या ओळखपत्राचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी 'करीम अब्दुल सलाम' लिहिलं. लगेच मंजूर झाला. कारूला वाचता येत नव्हतं. कार्ड उलटंसुलटं करून त्यानं विचारलं, "हे माहंच नाव होय ना?"

"तुहंच," मी म्हणालो.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला एकट्याला लांबच्या साइटवर पाठवलं. तिथे तो परांचीवरून पडून गेला. दवाखान्यानं खिशातलं कार्ड पाहिलं आणि ऑफिसात फोन केला : मुसलमान ना? मग आजच दफन करतो. फोन मी घेतला होता. नाही म्हटलं असतं तर चुकीचं नाव कोणी लिहिलं ते निघालं असतं. नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. मी म्हणालो, बरोबर. तिथल्या लोकांनी परक्या मजुराला खांदा दिला, प्रार्थना केली. त्यांचा काही दोष नाही. कागदावर मेला तो करीम; कंपनीच्या इंग्रजी यादीत कारू सलाम 'पळून गेला' असा राहिला. ती नोंदही माझ्याच हातची.

सुट्टीवर आलो की कॅम्पातल्यांचे निरोप द्यायला अहेरीला जायचो. तिथल्या बाजारात कारूची बायको सोमीबाई मला गाठायची. "पत्ता लागला काय, भाऊ?"

"नाई, बाई."

असं कितीतरी वर्षं.

आता मी ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतो. गेल्या महिन्यात अहेरीला जाऊन सोमीबाईला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. ती सुपातले तांदूळ पाखडत राहिली.

"मले वाटे, त्यानं तिकडं दुसरी केली," ती म्हणाली. "पोरीपुढं त्याले लय वाईट बोलली मी." मग विचारलं, "कुठी पुरलं?"

कबरीवर फक्त नंबर असतो आणि तो मी कधी विचारलाच नव्हता.

"आमच्यात मेल्या मानसाच्या नावानं दगड उभा करतात. त्याच्या नावाचा कराचा रायला," ती म्हणाली. "पन मातीत गेला तो दुसऱ्याच नावानं. हाक कोनाले मारू?" तिनं ते नाव माझ्याकडून म्हणवून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं. जमलं नाही.

आमच्याकडे निघणाऱ्याला 'येजो' म्हणतात, म्हणजे परत ये. तिकडे असताना घर आठवलं की मला हाच शब्द ऐकू यायचा. मी चपला घातल्या, थोडा थांबलो. सोमीबाईनं सूप उचललं आणि आत गेली.