कॅटलॉगात नसलेलं तांबडं तिकीट

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या माणसाकडे तिकिटांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. तिकीट निदान अल्बममध्ये गप्प बसतं. किस्सा कुठला बसतोय! चार माणसं जमली, चहा आला, की तो आपोआप बाहेर येतो. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

तेव्हा निजामाचा अंमल होता आणि सुट्टी शुक्रवारची. मी नांदेडात शाळामास्तर. जुम्म्याची नमाज आटोपून मुन्शीजी घरी आले, की त्यांच्या ओसरीवर आमची बैठक बसायची. मुन्शीजी कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, उर्दू-फारसीत पक्के. तिसरे व्यंकटराव, स्टेशनवरचे पार्सल क्लार्क, मूळचे तेलंगणातले. तिघांत मिळून एकच इंग्रजी कॅटलॉग, तोही व्यंकटरावांचा. त्यात ज्या तिकिटाचा पत्ता लागत नाही ते हुडकून काढायचं, हा आमचा खरा शौक. घरचे त्याला वेगळं नाव ठेवायचे, ते इथं सांगत नाही.

*

व्यंकटरावांचा एक दावा होता. तिकिटाच्या मागचा गोंद चाटून आपण त्याचं गाव सांगतो म्हणे! "गोंदाला मातीची चव असते, मास्तर."

एकदा उमरीच्या एका दोस्ताने हिरव्या रंगाचं, अक्षर पुसट झालेलं तिकीट पाठवलं. व्यंकटरावांनी ते उचललं. मुन्शीजी ओरडले, "अरे जूठा नक्को करो जी!" तोवर जीभ लागलीही होती. खात्रीसाठी आणखी दोनदा लावली. मग डोळे मिटून म्हणाले, "समुद्राकाठचं आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब ड्यूटीवर नाहीत. काळजी वाटून घरी गेलो, तर टमरेल हातात घेऊन दारातच भेटले. चेहरा उतरलेला.

"मास्तर, ओळख पटली. जमालगोट्याच्या पुडीवरचं लेबल आहे ते!"

"मग उमरीला कळवू का?"

"आधी वाटेतून बाजूला व्हा!"

*

मुन्शीजींना न वाचता येणारी लिपी जगात नव्हती, असं त्यांचं स्वतःचं मत. एका जुन्या तिकिटावरचा मजकूर त्यांनी भिंग लावून पंधरा दिवस वाचला आणि जाहीर केलं, "लिखा है, बादशाह की तलवार सलामत रहे."

मी तिकीट हातात घेतलं. म्हटलं, "मुन्शीजी, हे उलटं धरलंय तुम्ही." सुलटं केलं तर नुसती वेलबुट्टी! अक्षर एक नाही.

मुन्शीजींनी पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "हां. अब तलवार म्यान में है."

*

आमच्यात चौथा माणूस आला तो तिकिटांच्या नादाने नव्हे. शिवलिंगप्पा, लातूरचे डाळीचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर उपरणं. मोटारीने अख्खा दिवस धूळ खात नांदेडला आले आणि माझ्यासमोर एक लिफाफा ठेवला.

त्यांचा धाकटा भाऊ महालिंग सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. अप्पाच त्याला रागाच्या भरात "बसून खातोस" असं बोलले होते. सहा वर्षांत हे पहिलं पत्र. आत दोन ओळी: मी खुशाल आहे, आईला सांगावे. कुठून लिहिलं, त्याचा पत्ता नाही.

"मास्तर, तुमी तिकटं वळखताव म्हणं. ह्येचं गाव तेवढं सांगा. माय अजून बी त्याचं ताट वाढून राहिलीय."

मी तिकीट बघितलं. तांबडं, मधे ढाल, दोन बाजूंना दोन मोर, नाव-गाव काही नाही. असलं तिकीट मी जन्मात पाहिलं नव्हतं! माझे हात शिवशिवायला लागले. तिकीटवाल्याची पहिली सवय काय? भिजवून सोडवायचं. मी लिफाफा थेट परातीतल्या पाण्यात टाकला. तिकीट अलगद सुटलं, मागची बाजू तपासली, टीपकागदावर सुकवलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की गावाच्या शिक्क्याचा चतकोर तिकिटावर आहे आणि पाऊण लिफाफ्यावर होता. तो तर मी वाचलाच नव्हता!

परातीकडे धावलो. परात रिकामी. बायकोने भिजका लिफाफा बाकीच्या रद्दीबरोबर मेथ्या घालून कुटला होता आणि तो लगदा नव्या टोपलीला लिंपूनही झाला होता.

त्या शुक्रवारी मुन्शीजी, व्यंकटराव आणि मी अशा तिघांनी भिंगं घेऊन टोपली तपासली. आतून, बाहेरून, बुडाशी. शेवटी बायको म्हणाली, "झालं असेल तर द्या इकडं. मला त्यात शेंगा ठेवायच्यात."

लातूरच्या एका म्हातारीचा मुलगा मी टोपलीला लिंपून टाकला होता, आणि तो मलाच शोधून द्यायचा होता.

*

मी तिकिटाचं हुबेहूब चित्र काढलं आणि ओळखीच्या सगळ्या शौकिनांना पाठवलं. चाकूरच्या वैद्यांनी सात पानं लिहिली, सगळी स्वतःच्या संग्रहाबद्दल. शेवटी ता. क.: "तुमचे तिकीट समजले नाही."

उमरीच्या दोस्ताचं उत्तर त्याहून वरचढ. "तिकीट बनावट आहे. ताबडतोब माझ्याकडे पाठवा. मी नष्ट करतो." कुठल्या अल्बममध्ये नष्ट करणार, ते काही लिहिलं नव्हतं!

अप्पा महिन्याला एक खेप घालायचे. येताना तुरीची डाळ आणायचे, जाताना तोंड पाडून जायचे. एकदा सहज बोलून गेले, "पत्र बैरंग आलं हुतं. दुप्पट पैसे भरून सोडविलं म्या."

व्यंकटराव ताडकन उठले. "म्हणजे हे तिकीट आपल्या राज्यात चालत नाही! बाहेरच्या कुठल्या तरी संस्थानाचं आहे. अप्पा, आजवर सांगितलं का नाही?"

"तुमी तिकटाचंच इचारलाव. माझं कोन इचारलं?"

*

कॅटलॉगातली संस्थानं आम्ही एकेक करून चाळली. राजपुतान्यातलं एक चिमुकलं संस्थान निघालं. तिकिटावर ढाल, दोन मोर, सगळं जिथल्या तिथं. फक्त कॅटलॉग म्हणत होता, रंग निळा. तांबड्याचा उल्लेखच नाही.

"म्हणजे हे नव्हे," व्यंकटराव म्हणाले. मुन्शीजींनी मान डोलावली. मीही डोलावली. छापील कॅटलॉग खोटं कसं बोलेल? आम्ही पुढचं पान उलटलं आणि त्यापायी चांगलं वर्ष घालवलं!

पुढच्या पावसाळ्यानंतर अप्पांनी आपणहून ते पान काढलं. मग तिकीट शेजारी ठेवलं.

"मास्तर, चित्र तर ह्येच हाय की."

"हो, पण अप्पा, रंग बघा ना. कॅटलॉगात निळा आहे."

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "मग? घराला दुसरा रंग दिला म्हून गाव बदलतंय व्हय?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अप्पांनी तिकीट काडेपेटीत घातलं, उपरणं झटकलं आणि राजपुतान्याला जायला त्याच संध्याकाळची आगगाडी धरली.

*

महिन्याभराने लातूरहून निरोप आला: "महालिंग घरी आला. तिघांनी जेवायला यावे."

आम्ही गेलो. महालिंग उंचापुरा, लाजरा. त्या संस्थानाच्या छापखान्यात कामाला होता. व्यंकटरावांना दम निघेना. हातपाय धुवायच्या आधीच विचारलं, "ते तिकीट तांबडं कसं?"

"निळी शाई संपली हुती," महालिंग म्हणाला. "म्या तांबडीत तिकटांचा एक कागद काढला. सायब खवळले, समदा जाळा म्हनले. एक तिकट तेवढं म्या खिशात ठिवलं. बैरंग झालं तरी पत्र पोचतंय, म्हून तेच लावलं."

म्हणजे अख्ख्या जगात एकच! मुन्शीजींनी डोळ्यांना रुमाल लावला. व्यंकटराव पुढे सरसावले. "अप्पा, आहे कुठं ते?"

अप्पांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या आईने ते कणकेच्या खळीने देव्हाऱ्याच्या चौकटीला पक्कं चिकटवलं होतं. मोरांवरून विभूतीची तीन बोटं ओढलेली, वर बेलाचं पान.

"अय्यो!" व्यंकटराव एवढंच म्हणाले. कोणीच पुढे झालं नाही. आम्ही पाटांवर बसलो. महालिंग पलीकडच्या पाटावर जेवत होता.

म्हातारी पोळी वाढत माझ्यापाशी आली आणि थांबली.

"मास्तर, अशी लई तिकटं जमा हायत म्हणं तुमच्याकडं?"

"आहेत की. तीनेक हजार असतील."

"मग त्येंची मानसं कवा यायचीत घरी?"