उन्हात तापवलेले सेल

नांदेड स्टेशनवर आम्ही चौघं पुण्याच्या गाडीत चढलो, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीचे गज धरून उभे होते. आमच्या रॉक बँडवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बडवून पोट भरत असतंय का रे?" हे रोजचंच. त्या दिवशी मात्र एवढंच विचारलं, "परत कधी येणार?" मी म्हणालो, "स्पर्धा झाली की येतोच." शेजारी आमचा ड्रमर मिलिंद बसला होता. त्याच्या खिशात टेपचे सेल खुळखुळत होते.

त्या सेलांचं सांगायलाच हवं. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही विलायती गाणी कॅसेटवर ऐकून बसवायचो. लाइट गेली की टेप सेलवर. उतरलेले सेल मिलिंद पत्र्यावर उन्हात तापवायचा, की अजून दोन दिवस टेप चालायचा. पण कसा? रडतखडत. गाणं ढिलं, गाणाऱ्याचा आवाज जाड. आम्हाला वाटायचं, गाणं असंच आहे. मी तर गिटारच्या तारा त्याच आवाजाला जुळवल्या होत्या!

पुण्यात आम्ही वाजवलं आणि पोरं फिदीफिदी हसली. परीक्षक म्हणाले, ड्रमर झोपलाय का? हरलोच. तरी एका हॉटेलवाल्यानं दर शनिवारी वाजवायला बोलावलं, फक्त ड्रमर बदला म्हणाला. मी फटकन मिलिंदला म्हणालो, "तुझ्यामुळंच माती झाली." त्यानं ड्रमच्या काड्या पिशवीत घातल्या. आम्ही तिघं पुण्यात राहिलो, त्याला एसटीत बसवून दिलं. बस हलताना त्यानं विचारलं, "तुमी परत कधी येणार?" मी म्हणालो, "येतोच की."

काही महिन्यांनी एका मित्राच्या चांगल्या टेपवर तेच गाणं ऐकलं आणि चाट पडलो. मूळ गाणं कितीतरी जलद होतं. ढिले आम्ही चौघंही होतो. मिलिंदला तसं कळवायला हवं होतं. लाज वाटली, कळवलं नाही.

पुढं बँड मोडला. नोकरी, सोसायटी, वीकेंड, असं माझं चालू राहिलं. अण्णा गेले तेव्हा दहा दिवस काय ते नांदेडला राहिलो. आता केस पिकल्यावर आम्ही तिघं पुन्हा जमलो आणि ठरवलं, नवा अल्बम आपल्या नांदेडवर. गोदावरी, ती शेड, चैत्रातल्या दुपारी, सगळं गाण्यांत आणलं. स्टुडिओत कानात ठेका मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक लावून एकेक वाद्य रेकॉर्ड केलं. झालं बराबर, पण नांदेड काही त्यात येईना.

म्हणून मी नांदेडजवळच्या लोह्याला गेलो. मिलिंद तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. शाळा सुटल्यावर वर्गातच त्याला हेडफोन दिला. त्यानं दोन गाणी ऐकली अन् हसला.

"लई घाईत हाय रे. कुठं पोचायचंय तुमाला?"

मग टेबलावर बोटांनी ठेका धरला. तोच, ढिला. मी म्हणालो, "मिल्या, चूक तुझी नव्हती. सेल उतरले होते."

"मला तवाच कळालं होतं. स्पर्धा झाली त्या संध्याकाळी एका दुकानात तेच गाणं लागलं होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तुमी मला सोडून ऱ्हायला नसता, चौघंबी माघारी आलो असतो. तुमाला ऱ्हायचं होतं न तिथं."

मी म्हणालो, अल्बममध्ये तू वाजव. तो म्हणाला, "माझं सुटलं ते. वाजवा तुमी." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. असता तर बरं झालं असतं.

अल्बम आला. पुण्यातले लोक म्हणतात, गावाचा वास येतो गाण्यांना. येत असेल बुवा. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, मला आता घर म्हणजे एवढंच कळतं, की तिथून निघताना कुणीतरी विचारतं, परत कधी येणार. त्या दिवशी लोह्याच्या स्टँडवर मिलिंद मला सोडायला आला होता. त्यानं खिडकीतून पाण्याची बाटली दिली, हात हलवला. बस सुटेपर्यंत मी वाट पाहिली. त्यानं विचारलं नाही.