धूर न सोडणारी गाडी

गाडी चढावरून मागे यायला लागली. मिस्त्री दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते, शेजारी मी, आणि पाठीमागच्या उलट्या तोंडाच्या सीटवर माझी धाकटी जाऊ, चहाचं गरम पिंप कवटाळून. मागचं तिला दिसत होतं, आम्हाला नाही. चढाच्या पायथ्याला एक कंटेनर रिव्हर्स घेत होता.

"जाऊबाई, कंटेनर आला!"

इंजिन आधीच जाम झालं होतं. एक किंकाळी, एक झटका, संपलं. ब्रेक नुसता मागच्या चाकांना, तोही तारेचा. तो लागत होता, पण गाडी थांबत नव्हती.

"सोड ते पिंप, मार उडी!" मी ओरडले. तिनं सोडलं नाही. चहा काय तिच्या बापाचा होता?

मीच उडी मारली. गाडीत पायाशी पूजेचा पाट पडला होता, तो ओढला आणि मागच्या चाकाखाली सारला. पाट उभा चिरला. गाडी तिरकी होऊन थांबली, पिंप कलंडलं, जाऊ रस्त्यावर पडली आणि उकळता चहा तिच्या दोन्ही पायांवर गेला. ती हलेना. कंटेनर येतच होता. मी चप्पल काढून त्याचा पत्रा बडवत सुटले.

ही गाडी म्हणजे गोल्फ खेळतात तिथली बिनदाराची गाडी. आमच्या चाकणच्या कंपनीत पाहुण्यांना शेड दाखवायला आणली होती. पुढे बॅटरीवरच्या नव्या आल्या आणि ही जुनी कॅन्टीनकडे आली, चहा-नाश्ता लांबच्या शेडला पोचवायला. मी आणि जाऊ कॅन्टीनला कंत्राटी कामाला. ज्या चढावर हे झालं तिथं पूर्वी आमची बाजरी असायची. आता डांबर आहे.

गाडी टू-स्ट्रोक. तिला पेट्रोलची टाकी वेगळी आणि ऑइलची बारकी टाकी वेगळी. मधला एक पंप ऑइल ओढतो आणि इंजिनाला लागेल तसं देतो. मला हे पटायचं नाही. आमच्या घरी स्कूटर होती, तिच्या पेट्रोलमध्ये मालक स्वतः ऑइल ओतायचे आणि गाडी हलवून घ्यायचे. डोळ्यांना दिसायचं, घातलं म्हणजे घातलं. पंपाचं काय दिसतं? म्हणून मी रोज सकाळी कुणी बघत नाही असं पाहून पेट्रोलमध्ये एक झाकण ऑइल टाकायचे.

एकदा मिस्त्रींनी पकडलं. ते लातूरकडचे, गाडी चालवायला आणि दुरुस्तीला तेच.

"काय करायलाव मावशी? गाडीला फोडणी देता का?"

"तुमच्या पंपावर माझा भरवसा न्हाई."

"अहो, डबल ऑइल झालं की प्लग काळा पडतो. शेडमधले लोक शिव्या देतात धुरापायी, त्या मला बसतात."

"आन पंपानं दिलंच न्हाई तर?"

"टाकीतलं रोज कमी होतं ना? मग जातं कुठं? मी पितो का?"

जाऊ खदखदून हसली. मी झाकण बंद केलं आणि त्या दिवसापासून ऑइल टाकणं सोडलं. मिस्त्रींचं खरं होतं, गाडी किती जुनी असली तरी पंपानं कधी दगा दिला नव्हता. तरी गाडीवर बसले की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. कान इंजिनाकडे आणि मान वळवून डोळे मागच्या निळ्या धुराकडे.

मग खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी प्रत्येक मशीन पुसून पूजेला मांडतात. मिस्त्री मोठ्या मशीनच्या पूजेला गेले होते. गाडी आमच्याकडे होती. जावेनं टप, चाकं, सीट धुतली. मला ती ऑइलची टाकी दिसली. आतून काळी, तळाला चिकट गाळ. पूजेला असलं भांडं ठेवायचं? मी नळी उपसून टाकी काढली, गरम पाण्यानं आणि साबणानं घासली, उन्हात खडखडीत वाळवली. परत लावली, नळी जोडली आणि नवं ऑइल काठोकाठ भरलं. हळदकुंकू लावलं, झेंडू घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. पान्हे, पक्कड पाटावर मांडून पूजा केली. पाट गाडीतच राहिला.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टाकी बघितली. भरलेली. गाडी निघाली. पहिल्या फेरीला मी मान वळवून पाहिलं तर धूर नाही. जावेला म्हणाले, "बघ, न्हाऊन कशी शहाणी झाली." दुसऱ्या फेरीला आवाज कोरडा वाटला, रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा. मिस्त्रींना सांगायला तोंड उघडलं तोवर आम्ही चढावर होतो.

जावेला कासारवाडीला माझ्या भाच्याच्या घराजवळच्या दवाखान्यात ठेवलं. मी दिवसा कॅन्टीनला आणि तिथून तिच्याकडे. कुठंच बसवत नव्हतं. तिच्या पायांची पट्टी बदलताना मी बाहेर जाऊन उभी राहायचे.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. पंप चांगला होता. नळीत मात्र ऑइलच नव्हतं, नुसती हवा. जळायला ऑइल नाही म्हणून धूरही नव्हता. टाकी काढली की नळीत हवा भरते, ती पंपाजवळ स्क्रू ढिला करून काढायची असते. नाहीतर पंप हवा ओढत बसतो आणि टाकी वर भरलेली दिसते. मला हे माहीत नव्हतं.

सुपरवायझरनं मिस्त्रींना उभं केलं. "मेंटेनन्स तुमच्याकडे. एक बाई मरता मरता राहिली. उद्यापासून येऊ नका."

मिस्त्री एवढंच म्हणाले, "टाकी कुणीतरी काढली होती साहेब." माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना कळलं होतं. असली लख्ख टाकी मिस्त्री लोक घासत नाहीत.

मी दारातच होते. गप्प राहिले असते तर चाललं असतं. मिस्त्रींचं बिऱ्हाड इथं, बायको, दोन पोरी. मी म्हणाले, "टाकी मी धुतली. यांना इचारलं न्हाई. घालवायचं तर मला घालवा."

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "मावशी, टाकी धुवायला कुणी सांगितलं होतं?"

"पूजेला घाण भांडं ठेवत न्हाईत."

त्यानं मला लेखी समज दिली, मी अंगठा न लावता सही केली. मिस्त्री कामावर राहिले.

जाऊ घरी आली तेव्हा तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग पाट कुणी लावला?"

"मीच."

"मग झालं की. आता पायांना मलम लावा."

गाडी दुरुस्त झाली. मिस्त्रींनी आरपार दिसणारी नळी बसवली आणि टाकीवर खडूनं रेघ मारली. "रेघेच्या खाली गेलं की पंप चालू. भरलेलंच राहिलं तर मला हाक मारा." रोज दुपारी मी बघते. रेघेखाली असलं तरी परत बघते. निघताना मान वळवून धूर आहे ना तेही बघते. शेडमधले नाक धरतात. धरू देत.

कंटेनरवाल्यानं माझी चप्पल ऐकून ब्रेक मारला तेव्हा त्याचं चाक जावेच्या डोक्यापासून हातभर लांब होतं. तिच्या पायांवर डाग राहिलेत, ती लंगडते. त्या दिवशी गाडीवर आम्ही तिघं होतो, मिस्त्री, जाऊ आणि मी. तिघंही जिवंत आहोत.