वर राहिलेला हात

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर बोलणं पाऊसपाण्यावर न्यायचं, एवढं वकिलीनं शिकवलं होतं. पण आता वय झालं आहे, आणि एक हात आहे, जो माझ्या डोळ्यांसमोरून खाली येत नाही.

तो हात आमच्या डॉक्टरांचा. माणसांचे नव्हे, जनावरांचे. त्यांची सगळी नोकरी मंठ्याच्या आसपासच्या गोठ्यांत गेली. वडील मेंढरं राखायचे, आणि हे आमच्या महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेले; पुढं सरकारी प्रशिक्षण घेऊन गुरांच्या दवाखान्यात लागले, आणि गाव त्यांना डॉक्टरच म्हणू लागलं. निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी म्हणून ते नियामक मंडळावर आले. मी त्या मंडळाचा सचिव होतो.

अशी मंडळं तुम्हीही पाहिली असतील. अध्यक्ष विषय वाचतात, "मंजूर?" म्हणतात, बाकीचे टेबलावर बोटं वाजवतात. आमच्याकडे तेवढ्यात शिपाई भज्यांची ताटली आत आणायचा. भजी आली की विषय संपला.

डॉक्टर आले आणि भजी गार व्हायला लागली.

त्यांना पटलं नाही की ते हात वर करत. अर्धवट, कोपरातून नव्हे. सरळ, खांद्यापासून. आणि तो तसाच ठेवून माझ्याकडे बघत विचारत, "सचिव, हात दिसला का?"

"दिसला, डॉक्टर."

"मंग ठीक." तेव्हा कुठं हात खाली यायचा.

अध्यक्ष चिडवायचे, "डॉक्टर, लाज न्हाई वाटत का हो, शाळेतल्या पोरावानी हात वर करायची?"

"अध्यक्षसाहेब, खांद्यापर्यंत गाईच्या पोटात गेलेला हात हाये हा. वर जायला कशाला लाजंल?"

सगळे हसत. अध्यक्षही हसत. एकट्याच्या हातानं काही अडत नव्हतं. आमच्या संस्थेचा रिवाज असा, की विरोधाला दुसऱ्या कुणी हात वर करून अनुमोदन दिलं, तरच विषय थांबे आणि सर्वसाधारण सभेपुढं जाई. डॉक्टरांना दुसरा हात कधी मिळाला नाही.

मग तत्त्वज्ञान विभाग बंद करायचा विषय आला. मुलं मोजकी, शिकवणाऱ्या बाई एकट्याच. त्या खोलीत अध्यक्षांना कॉम्प्युटरचा कोर्स सुरू करायचा होता. बैठकीच्या दिवशी डॉक्टर सकाळीच माझ्याकडे आले. आम्ही बसस्टँडसमोर चहा घेतला.

मी म्हटलं, "डॉक्टर, खरं सांगा, जनावरांच्या डॉक्टरला तत्त्वज्ञानाचा काय उपयोग झाला?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "वकीलसाब, सुई टोचायला सरकारनं शिकवलं. पण बैल मेल्यावर मालकापाशी गप कसं बसावं, ते मी त्या खोलीत शिकलो. ती खोली राहू द्या. सर्वसाधारण सभेत गावातली माणसं येतील, ती बंद होऊ देणार न्हाईत. मला फक्त एक हात पाहिजे."

"माझा हात धरून चाला," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात खरोखरच हातात घेतला. तळवा खरखरीत होता आणि गरम.

त्याच दिवशी बैठकीत पुढचा विषय नव्या कोर्सवरच्या नेमणुकांचा होता, आणि त्यात माझ्या सुनेचं नाव होतं. हे मला चहा पितानाही माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मंजूर?" बोटं वाजली. डॉक्टरांचा हात वर गेला. शिपाई ताटली घेऊन आत आला. एक सदस्य म्हणाला, "घ्या आता हात खाली, भजी गार होऊन राह्यलीत." डॉक्टर माझ्याकडे बघत होते. माझा हात मांडीवरून उठला, टेबलाच्या वर आला, आणि ताटलीकडे गेला.

"सचिव, हात दिसला का?"

माझ्या तोंडात भजं होतं. मी मान वर केली नाही.

बाहेर व्हरांड्यात बाई आणि त्यांची मुलं थांबली होती. अध्यक्ष म्हणाले, "सचिव, सांगून टाका." मी दारात जाऊन म्हणालो, "विभाग बंद करायचं सर्वानुमते ठरलं आहे."

डॉक्टर माझ्या मागेच उभे होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा?"

ते एका शब्दात मला खोटं पाडू शकले असते. त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि निघाले. फाटकापाशी मी गाठलं, तर एवढंच म्हणाले, "घरातलं भांडण पोरांपुढं कशाला? त्यांचा संस्थेवरचा इस्वास उडंल."

मुलांचा विश्वास उडालाच, पण तो डॉक्टरांवरचा. बाई गाव सोडून गेल्या. वाटेत डॉक्टरांना थांबवून नमस्कार करणारी पोरं रस्त्याची दुसरी बाजू धरू लागली. पुढच्या मुदतीत अध्यक्षांनी त्यांचं नाव घेतलं नाही. मी होतो. माझी सून अजून तिथं शिकवते, चांगलं शिकवते.

लग्नात अक्षता टाकायला शेकडो हात वर जातात आणि खाली येतात. त्यांतला एक खाली येत नाही. मी मान खाली घालतो. भजी मी सोडली, तर घरच्यांना वाटतं, पित्तामुळं.

एकदा धीर करून मी त्यांच्या गावी गेलो. वाक्य घरूनच घोकून नेलं होतं. डॉक्टर फाट्यावर लिंबाखाली कुणाच्या तरी शेळीचा खूर तपासत बसले होते. खूप वाळले होते.

"वकीलसाब! कधी आल्ते? बसा, बसा." त्यांनी चहा सांगितला. शेळीबद्दल बोलले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "सूनबाई बऱ्या हायेत ना?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "डॉक्टर, त्या दिवशी..."

"मंठ्याची गाडी आली," ते उठले. "हिच्यामागं लवकर गाडी न्हाई. चला जल्दी."

रस्त्यावर जाऊन त्यांनी हात वर केला. सरळ, खांद्यापासून. गाडी थांबली. मी चढलो. मागच्या काचेतून पाहिलं, तर गाडी निघाली तरी तो हात वरच होता. निरोपाचा असेल.

दिवाळीच्या आधी ते गेले. त्यांना भेटून परतताना गाडीत कंडक्टरनं दोनदा विचारलं होतं, कुठलं तिकीट देऊ, आणि माझ्या तोंडात ते घोकलेलं वाक्यच अडकलं होतं. ते एवढंच होतं:

"डॉक्टर, सर्वानुमते नव्हतं. तुमचा हात मला दिसला होता. माफ करा."